कोठीघराची वही : पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट करावा?



गेल्या अंकात आम्ही एक लहानशी विनंती केली होती. घरात वापराविना पडून असलेले पेनड्राइव्ह, मेमरी कार्डे आणि हार्ड डिस्क आमच्याकडे पाठवा, असे लिहिले होते. आपण मनापासून प्रतिसाद दिलात. बुटांचा एक आख्खा खोका भरला. त्याबद्दल सर्वांचे आभार. पण पुष्कळांनी फोन करून विचारले, “ताई, फॉरमॅट कसा करून पाठवू?” काहींनी न विचारताच पाठवले. त्या खोक्यातले काही ड्राइव्ह आमच्या स्पीकरवर चालेनात. एक-दोघांमध्ये देणाऱ्यांच्या घरची बँकेची कागदपत्रे तशीच राहिली होती. म्हणून या अंकात हा धडा.

हे काम तांत्रिक आहे, ते तरुण मुलांनी पाहावे, असे मलाही पूर्वी वाटत असे. मागच्या वर्षी माझ्याच हातून एक चूक झाली आणि माझे मत बदलले. आधी तेच सांगते.

माझ्या हातून झालेली चूक

सातपुड्यातल्या आमच्या वसतिगृहाजवळच्या पाड्यावर एक पावरी आजी राहत होत्या. आयुष्यभर त्यांनी सुईणीचे काम केले. बाळंतिणीला काय खायला द्यावे, बाळाला ऊब कशी द्यावी, दवाखान्यात न्यायची वेळ आली हे कशावरून ओळखावे, हे सगळे त्या पावरी बोलीत सांगत आणि सांगता सांगता मध्येच गाऊ लागत. दोन उन्हाळ्यांत मिळून आम्ही त्यांची ४० ध्वनिमुद्रणे केली. आमच्या मुलींना आणि गावोगावच्या आयांना ती ऐकवायची होती.

एका हितचिंतक भावाने ते आवाज स्वच्छ करून देण्याचे काम अंगावर घेतले. त्यांच्याकडे अ‍ॅपलचा संगणक होता. काम पूर्ण करून त्यांनी सगळी ध्वनिमुद्रणे एका ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर भरून पाठवली. पण पेनड्राइव्ह येईपर्यंत त्या पावसाळ्यात आजी वारल्या होत्या.

मी तो ड्राइव्ह ऑफिसच्या विंडोज संगणकाला लावला. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, तिचा अर्थ असा की, ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मला वाटले, नवीन वस्तू आहे, संगणक परवानगी मागतो आहे. मी होकार दिला. दहा सेकंदांत काम झाले. ड्राइव्ह उघडून पाहिला तर रिकामा. भावाने घाईत रिकामाच पाठवला असेल असे समजून मी त्यावर वसतिगृहाच्या कार्यक्रमाचे फोटो आणि व्हिडिओ भरून ठेवले.

आठवड्याने त्यांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. मूळ ध्वनिमुद्रणे ज्या कार्डावर होती, ते कार्ड आम्ही “पाठवून झाले” म्हणून पुन्हा वापरले होते. भावानेही काम संपले म्हणून आपल्या संगणकावरचे पुसून टाकले होते. आजींचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तिथेच मी फॉरमॅट केले होते.

तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने दोन दिवस बसून २९ ध्वनिमुद्रणे परत काढून दिली. त्यांची नावे गेली होती, नुसते आकडे होते. एकेक ऐकून आमच्या पावरी मुलींनी त्यांना पुन्हा नावे दिली. उरलेली ११ परत आली नाहीत.

२९ परत का आली आणि ११ का आली नाहीत? ती सूचना खरी होती की खोटी? हे समजून घेताना मला जे शिकायला मिळाले, तेच पुढे मांडते आहे.

फॉरमॅट म्हणजे काय?

आमच्या वसतिगृहाचे कोठीघर डोळ्यांसमोर आणा. तांदूळ, ज्वारी, डाळ, तेल असे सामान फळ्यांवर ठेवलेले असते. कोठी सांभाळणाऱ्या मावशींकडे एक वही असते. कोणती वस्तू, किती, कोणत्या फळीवर, कोणता खण रिकामा, हे सगळे त्या वहीत. वही हरवली तर सामान जागेवरच असते, पण कुठे काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

पेनड्राइव्हवरही असेच असते. गाणी, फोटो, कागदपत्रे हे सामान. ते कुठे ठेवले आहे याची नोंद ठेवणारी वही म्हणजे ‘फाइल सिस्टिम’. फॉरमॅट करणे म्हणजे ड्राइव्हवर नवी कोरी वही घालून देणे.

आता दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, वही लिहिण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एका यंत्राला जी पद्धत वाचता येते, ती दुसऱ्याला येईलच असे नाही. अ‍ॅपलच्या पद्धतीने लिहिलेली वही विंडोजला वाचता आली नाही, म्हणून त्याने “नवी वही घालू का?” असे विचारले. ड्राइव्ह रिकामा किंवा बिघडलेला आहे असा त्या सूचनेचा अर्थ नव्हता. “मला हे वाचता येत नाही” एवढाच होता.

दुसरी, मी केले ते ‘क्विक फॉरमॅट’ होते, म्हणजे जुनी वही काढून नवी ठेवणे. फळ्यांवरचे सामान तेव्हाही जागेवरच होते. म्हणून २९ ध्वनिमुद्रणे सापडली. पण नव्या वहीनुसार सगळे खण रिकामे दिसत होते, आणि मी त्यांत फोटो भरले. ज्या खणांत फोटो जाऊन बसले, तिथली ११ ध्वनिमुद्रणे कायमची गेली. मी त्याच क्षणी हात आवरला असता, तर बहुधा सगळी मिळाली असती.

तीन प्रकारच्या वह्या

पेनड्राइव्ह विंडोज संगणकावर फॉरमॅट करायला घेतला की साधारणपणे तीन नावे दिसतात.

*फॅट३२.* ‘फॅट’ या घराण्याची सुरुवात १९७७ सालची. फॅट३२ ही त्यातली आवृत्ती १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर आली. जुनी आणि साधी असल्यामुळे ती जवळजवळ सगळ्यांना वाचता येते. बॅटरीवरचा स्पीकर, बटणांचा मोबाइल, गाडीतला टेप, जुना टीव्ही, विंडोज, अ‍ॅपल, लिनक्स, सगळीकडे चालते. तिच्यात वहीच्या सहसा दोन प्रती ठेवलेल्या असतात, त्यामुळे एक खराब झाली तर दुसरीचा आधार घेता येतो.

तिची मोठी अडचण एकच. वहीत वजनाचा रकाना जितका रुंद, तितकाच मोठा आकडा त्यात मावतो. फॅट३२ मध्ये एका फाइलचा आकार लिहायला जो रकाना आहे, त्यात जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ बाइट एवढाच आकडा बसतो. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्हवर २० जीबी जागा मोकळी असली, तरी ५ जीबीचा एक चित्रपट त्यावर जात नाही. संगणक सांगतो की फाइल फार मोठी आहे, आणि आपल्याला वाटते ड्राइव्ह खराब आहे. ड्राइव्ह उत्तम असतो, वहीचा रकाना अरुंद असतो.

*एक्सफॅट.* ही २००६ साली मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांसाठी आणली. रकाना रुंद केल्यामुळे ४ जीबीची अडचण राहिली नाही. २०१० पासून अ‍ॅपलच्या संगणकांना ती वाचता-लिहिता येते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिची रचना जाहीर केल्यावर लिनक्सनेही ती आपल्यात सामावून घेतली. विंडोज आणि अ‍ॅपल दोन्हीकडे फिरणाऱ्या ड्राइव्हसाठी आज हीच सोयीची. आमच्या त्या भावाने ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये तयार केला असता, किंवा मी त्यांना आधी तसे सांगितले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

उणिवा दोन. जुन्या स्पीकरना, बटणांच्या फोनना आणि काही टीव्हींना ती वाचता येत नाही. आणि तिच्यात वहीची सहसा एकच प्रत असते, त्यामुळे लिहिणे चालू असताना ड्राइव्ह ओढून काढला तर नुकसानीची भीती अधिक.

*एनटीएफएस.* ही १९९३ सालची, विंडोज संगणकांच्या आतल्या डिस्कसाठी घडवलेली. शहाण्या कोठीवाल्यासारखी ती पक्क्या वहीत लिहिण्याआधी कच्च्या वहीत टिपण करते. मध्येच वीज गेली तर कच्ची वही पाहून पक्की वही सावरते. कोणती फाइल कोणी उघडावी याचे नियमही तिच्यात ठेवता येतात. आमच्या भागात वीज दिवसातून कितीदा जाते ते आपल्याला माहीत आहे, म्हणून ऑफिसच्या हिशोबाची जी डिस्क फक्त विंडोज संगणकांनाच लागते, तिला ही पद्धत योग्य.

पण अ‍ॅपलचा संगणक एनटीएफएस ड्राइव्ह नुसता वाचतो, वेगळी सोय केल्याशिवाय त्यावर लिहू शकत नाही. लहान स्पीकर तर तिला ओळखतच नाहीत. आणि त्या परवानग्यांच्या नियमांमुळे दुसऱ्या संगणकावर कधी कधी आपलीच फाइल आपल्याला उघडू दिली जात नाही.

याशिवाय अ‍ॅपलच्या स्वतःच्या पद्धती आहेत, १९९८ ची एचएफएस प्लस आणि २०१७ ची एपीएफएस. लिनक्सची २००८ ची ईएक्सटी४ आहे. घरात सगळे संगणक एकाच जातीचे असतील तर त्या उत्तम चालतात. दुसऱ्याच्या हाती द्यायच्या ड्राइव्हवर त्या नकोत.

कुणासाठी कोणती?

निवड करताना ड्राइव्ह किती मोठा आहे हे पहिले पाहू नका. तो शेवटी कोणत्या यंत्रात बसणार आहे, हे पाहा. आमच्या कामाचीच उदाहरणे घेते.

१. पाड्यावर ऐकायचा बॅटरीचा स्पीकर, बटणांचा मोबाइल : ८, १६ किंवा ३२ जीबीचा ड्राइव्ह अथवा कार्ड, फॅट३२.

२. जुना टीव्ही किंवा लहान प्रोजेक्टर : फॅट३२. चित्रपट ४ जीबीहून मोठा असेल तर तो लहान करून घ्यावा किंवा दोन भागांत तोडावा. पाड्यावरच्या पडद्यासाठी एवढी मोठी फाइल बहुधा लागतही नाही.

३. विंडोज आणि अ‍ॅपल यांच्यामध्ये मोठे व्हिडिओ नेणे-आणणे : एक्सफॅट.

४. फक्त विंडोजवर चालणारी ऑफिसची हार्ड डिस्क : एनटीएफएस.

५. कॅमेऱ्याचे किंवा ध्वनिमुद्रकाचे कार्ड : संगणकावर नको, त्या यंत्राच्याच मेनूमधून फॉरमॅट करावे. त्याला हवी तशी वही ते स्वतः घालते. नियमानुसार २ जीबीच्या वरची, ३२ जीबीपर्यंतची एसडी कार्डे फॅट३२ वर आणि त्यापुढची २ टीबीपर्यंतची एक्सफॅटवर येतात. म्हणून ६४ जीबीचे नवे कार्ड जुन्या फोनमध्ये चालले नाही तर नवल वाटू नये.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्यापैकी काहींनी प्रेमाने १२८ जीबीचे ड्राइव्ह पाठवले. ते ऑफिसच्या कामी येतील. पण पाड्यासाठी लहान ड्राइव्हच अधिक उपयोगी पडतो. ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत वर्षानुवर्षे फॅट३२ चा पर्याय दिसलेला नाही. खुद्द फॅट३२ त्याहून मोठ्या ड्राइव्हवर चालते, अडचण त्या खिडकीची आहे. पण दर वेळी वेगळी सोय शोधण्यापेक्षा १६ जीबीचे चार ड्राइव्ह आम्हाला चार पाड्यांवर देता येतात.

प्रत्यक्ष कृती

प्रथम ड्राइव्हवर जे आहे ते दुसरीकडे उतरवून घ्या, आणि उतरवलेल्या दोन-तीन फाइली उघडून पाहा. नुसती नावे दिसली म्हणजे फाइल शाबूत आहे असे नाही.

मग विंडोज संगणकावर ‘धिस पीसी’ उघडा. ड्राइव्हच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट’ निवडा. इथे थांबा. ड्राइव्हचे अक्षर आणि आकार पुन्हा तपासा. एकाच वेळी दोन ड्राइव्ह लावलेले असतील तर नको असलेला काढून ठेवा. चुकीच्या ड्राइव्हचे फॉरमॅट अशाच घाईत होते. आकार थोडा कमी दिसला तर घाबरू नका. बनवणारे १०० कोटी बाइटना एक जीबी म्हणतात, विंडोजची मोजणी वेगळी आहे. त्यामुळे ६४ चा ड्राइव्ह ५९ च्या आसपास दिसतो.

‘फाइल सिस्टिम’मध्ये वरच्या यादीप्रमाणे निवड करा.

‘अ‍ॅलोकेशन युनिट साइझ’ म्हणजे फळीवरचा एक खण केवढा. लहान वस्तू ठेवली तरी आख्खा खण अडतो. ६४ जीबीच्या एक्सफॅट ड्राइव्हवर विंडोज आपण होऊन १२८ केबीचा खण धरते. त्यावर २ केबीच्या १०,००० लहान पावत्या ठेवल्या, तर सामान फक्त २० एमबीच्या आसपास असते, पण जागा सव्वा जीबीच्या घरात अडते. तरीही सर्वसाधारण कामासाठी तिथे जे आधीच निवडलेले असते तेच राहू द्यावे.

‘व्हॉल्यूम लेबल’ म्हणजे ड्राइव्हचे नाव. फॅट३२ मध्ये ते ११ अक्षरांपर्यंतच आणि रोमन लिपीत ठेवावे. फाइलींची नावे देवनागरीत देता येतात, संगणक ती नीट दाखवतो, पण स्वस्त स्पीकरच्या पडद्यावर त्यांच्या जागी नुसते चौकोन येतात. म्हणून आम्ही फाइलीच्या नावाच्या सुरुवातीला क्रमांक घालतो आणि ड्राइव्हवर रंगीत चिकटपट्टी लावतो. हिरवी आरोग्याच्या धड्यांची, पिवळी गाण्यांची. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते कळते.

‘क्विक फॉरमॅट’चा चौकोन : स्वतःच्याच वापरासाठी असेल तर खूण राहू द्या. ड्राइव्ह दुसऱ्याला द्यायचा असेल तर खूण काढा, कारण पुढे येते आहे. मग ‘स्टार्ट’.

अ‍ॅपलच्या संगणकावर ‘डिस्क युटिलिटी’ उघडा. ‘व्ह्यू’ मेनूतून सगळी उपकरणे दाखवायला सांगा, सर्वांत वरची ओळ निवडा, मग ‘इरेज’. तिथे ‘एमएस-डॉस फॅट’ म्हणजे फॅट३२ आणि ‘एक्सफॅट’ हे दोन पर्याय असतात. ‘स्कीम’मध्ये ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ घ्या, कारण जुन्या टीव्ही-स्पीकरना तीच रचना कळते.

आणखी एक अनुभवाची गोष्ट. पुष्कळ स्वस्त स्पीकर फाइली नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने त्या ड्राइव्हवर आल्या त्या क्रमाने वाजवतात. पहिला धडा पाचवा वाजू लागला तर फाइली पुसून एकेक करून क्रमाने पुन्हा भराव्या.

देण्याआधी खरोखर पुसा

फाइल ‘डिलीट’ केली किंवा क्विक फॉरमॅट केले की वहीतली नोंद जाते, सामान राहते. आजींची २९ ध्वनिमुद्रणे त्यामुळेच वाचली. पण त्याच कारणाने आपण दान केलेल्या ड्राइव्हमधून आपले आधार कार्ड, बँकेचे पासबुक, घरचे फोटो कुणीही बाहेर काढू शकतो. एकच गुण एका वेळी तारतो आणि दुसऱ्या वेळी धोक्याचा ठरतो.

म्हणून दान देताना ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट करताना सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात. त्याला वेळ लागतो. सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या ३२ जीबीच्या ड्राइव्हला पाऊण तासाहून अधिक लागेल. लावून ठेवा आणि दुसरे काम करा. पेनड्राइव्हच्या आतल्या रचनेमुळे एखादा तुकडा त्यातूनही मागे राहू शकतो. म्हणून ज्या ड्राइव्हवर फार खाजगी कागद होते, तो दान न करता मोडून टाकलेला बरा.

आम्हालाही हा नियम तितकाच कडक लागू आहे. मुलांचे जातीचे दाखले, आजारपणाचे कागद, घरच्या परिस्थितीच्या नोंदी ज्या डिस्कवर असतात, ती डिस्क वसतिगृहाबाहेर जात नाही. गावोगाव फिरणाऱ्या ड्राइव्हवर त्यातले काहीही ठेवले जात नाही. कारण एकदा ठेवले की ‘पुसले होते’ या शब्दावर आमचा भरवसा राहिलेला नाही.

काढताना घाई नको

कोठीवाल्या मावशी वहीत लिहीत असताना कुणी वही ओढली तर अर्धी ओळ तशीच राहील. कॉपी संपल्याचे पडद्यावर दिसले तरी कधी कधी थोडे लिखाण बाकी असते. ‘इजेक्ट’ किंवा ‘सेफली रिमूव्ह’ करून, संगणकाने हो म्हटल्यावरच ड्राइव्ह काढा. २०१८ नंतरच्या विंडोज १० मध्ये लगेच काढता येण्याची सोय आपोआप असते, तरी सवय सोडू नका. दुसऱ्याच्या संगणकावर ती सोय चालू आहे की नाही हे आपल्याला दिसत नसते.

ती सूचना पुन्हा आली तर

“वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल” असे संगणक म्हणाला तर :

१. ‘कॅन्सल’ करा आणि ड्राइव्ह काढून घ्या.

२. ज्याने दिला त्याला विचारा, कोणत्या संगणकावर भरला? अ‍ॅपल असेल तर अ‍ॅपलच्या संगणकावर लावून पाहा. आत सगळे जागच्या जागी असेल.

३. अ‍ॅपलवरही उघडला नाही तर वही फाटली आहे असे समजा. त्यावर काहीही नवे लिहू नका. जाणत्या माणसाकडे न्या.

४. चुकून फॉरमॅट झालेच, तर तिथेच हात आवरा. नव्या फाइली न भरणे हेच त्या वेळचे सर्वांत मोठे काम.

एक जास्तीची सूचना : फॅट३२ चा ड्राइव्ह आतले सामान न पुसता एनटीएफएस करण्याची आज्ञा विंडोजमध्ये आहे. उलट दिशेने तशी सोय विंडोजमध्ये नाही. एनटीएफएसवरून फॅट३२ किंवा एक्सफॅटवर यायचे तर सगळे उतरवून घेऊन नव्यानेच फॉरमॅट करावे लागते.

घरच्या अभ्यासासाठी

तरुण संघात किंवा कुटुंबात बसून ही उत्तरे शोधा.

– आपल्या मंडळीच्या गायनाची, लग्नांची, वयस्कर सभासदांच्या आठवणींची ध्वनिमुद्रणे कुठे आहेत? त्यांची दुसरी प्रत आहे का?

– उपासनेच्या वेळी वापरला जाणारा पेनड्राइव्ह कोणत्या पद्धतीचा आहे? (ड्राइव्हवर उजवे बटण, मग ‘प्रॉपर्टीज’, तिथे लिहिलेले असते.)

– एकाच वस्तूच्या निदान दोन प्रती, दोन वेगळ्या ड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरांत आहेत का? नसतील तर या आठवड्यात कराल का?

फॉरमॅटची निवड कितीही योग्य असली तरी एका प्रतीवर भरवसा ठेवू नये. माझी खरी चूक ‘होय’ दाबण्याआधीच झाली होती. मूळ कार्ड आम्ही दुसरी प्रत न करताच पुन्हा वापरायला घेतले, तेव्हा.

आता आजींची २९ ध्वनिमुद्रणे तीन ठिकाणी आहेत. ऑफिसच्या डिस्कवर, त्या भावाकडे आणि आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी. या उन्हाळ्यात आजींची लेक वसतिगृहावर आली. तिच्याकडे बटणांचा फोन. आईचा आवाज त्यात घालून द्या म्हणाली. आपल्या खोक्यातले ८ जीबीचे एक कार्ड घेतले, पूर्ण पुसले, फॅट३२ केले, फाइलींच्या नावाआधी क्रमांक घातले आणि क्रमाने भरले. फोनमध्ये घातल्याबरोबर चालले. ओट्यावर बसून तिने दोन ध्वनिमुद्रणे ऐकली. मग विचारले, बाळंतिणीच्या खिचडीचे ज्यात सांगितले होते ते कुठे आहे?

ते त्या ११ पैकी होते. मी तिला खरे ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मला येते ते. माझे भरून घ्या.”

त्याच दुपारी आम्ही भरून घेतले. संध्याकाळपर्यंत त्याच्या तीन प्रती केल्या.

पुढचा खोका पाठवाल तेव्हा १६ किंवा ३२ जीबीचे ड्राइव्ह पाठवा, पूर्ण पुसून, फॅट३२ करून. एवढे केलेत तर आमचे कित्येक दिवस वाचतील. प्रार्थनेत आमची आठवण ठेवा.

प्रभूच्या सेवेतील आपली बहीण